सुलूआत्याची लोखंडी फळी

भिसेगावात नाक्यावर माझं औषधांचं दुकान आहे. काउंटरवर बसलं की रस्त्यापलीकडे एक पांढरी गाडी उभी दिसते, आणि ती दिसली की माझ्या तोंडाला पाणी सुटतं. भुकेचं नव्हे. ओकारी यायच्या आधी सुटतं ना, ते. गाडीच्या दोन्ही अंगांना सुलूआत्याचा फोटो चिकटवलाय आणि त्याच्या दुप्पट मापाचा दादांचा. दादा म्हणजे आमच्या भागातले होऊ घातलेले पुढारी. नाव लिहीत नाही. माझा कागद कशाला विटाळू? फोटोत सुलूआत्या हात जोडून बसलीय. सुलूआत्या, आणि हात जोडून! जन्मात तिनं देवाशिवाय कुणापुढं हात जोडले नाहीत, आणि देवापुढंसुद्धा घाईघाईतच. फ्लेक्सवाल्यानं दुसऱ्याच कुणाचे तरी हात आणून तिला लावलेत. नीट बघितलं तर बांगड्यासुद्धा तिच्या नाहीत.

तर त्या गाडीवरची बाई विसरा. खरी कशी होती ते सांगतो.

खऱ्या सुलूआत्याच्या, म्हणजे सगळ्या गावाच्याच आत्याच्या, ओट्याखाली एक निळी बादली असायची. बादलीवर मग, शेजारी करवंटीत साबण. कुणीही आलं, वीजबिलवाला असो की व्याही असो, आतून खणखणीत आवाज यायचा, "हात धू, मग बोल." एकदा एका लग्नाची पत्रिका घेऊन एक मोठं घराणं आलं होतं, सोन्यानं मढलेलं. त्यातल्या बाई म्हणाल्या, "आमी गाडीतनं उतरलो हाव, हात स्वच्छ हायत." आत्या म्हणाली, "मग पत्रिका पण गाडीतच ठेवा." धुतले त्यांनी हात. अंगठ्या काढून धुतले.

हा सोवळेपणा नव्हता. साखरेनं तिचा आधी डावा पाय नेला, मग दोन्ही किडन्या. नवऱ्यानं, रघूमामानं, आपली एक किडनी दिली. ती अंगानं झिडकारू नये म्हणून रोज गोळ्या, त्या माझ्याच दुकानातून जायच्या. त्या गोळ्या माणसाच्या अंगाची भांडायची ताकदच काढून घेतात. परक्या किडनीशी भांडत नाही तसं मग ते सर्दीशी, धुळीशी, कुणाच्या खोकल्याशीही भांडत नाही. गर्दी वर्ज्य. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा आत्या म्हणाली, "बरं. अंग भांडायचं नाय, तर तोंड भांडंल."

रघूमामा म्हणजे अगदी गप्प माणूस. टेंपो चालवायचे, ऑपरेशनसाठी तो विकला. किडनी दिल्यावर लोक घरी येऊन त्यांचे पाय धरायला लागले, तर हे लाजून मागच्या दारानं निघून जायचे. आत्याला विचारा, ती म्हणायची, "लग्न झाल्यापास्नं पयल्यांदा या माणसानं मला काय दिलं. ते पण पोट फाडून काढावं लागलं." मग स्वतःच पोटावर हात ठेवून हसायची. त्या किडनीला तिनं नाव ठेवलं होतं, आतला रघू. "आतल्या रघूला पाणी पायजे," म्हणत तांब्या तोंडाला लावायची. बाहेरचा रघू ओट्याच्या टोकाला बसून विडी न ओढता नुसती बोटात धरून असायचा. घरात धूर बंद होता.

धंदा तांदळाच्या भाकऱ्यांचा. पळसदरीला शनिवार-रविवारी पाहुणे येतात, त्यांच्या फार्महाऊसवर जेवणं असतात, लग्नं-हळदी असतात. सगळीकडे भाकऱ्या आत्याच्या. उकड काढायची ती स्वतः, थापायला ठाकुरवाडीची हिरी आणि तिच्या वाडीतल्या बायका. पाय गेल्यावर लोकांना वाटलं धंदा बसला. आत्यानं शेगडीचे पाय कापून घेतले. "माझा एक गेला, हिचे चारी जाऊदे," म्हणाली, आणि चाकाच्या खुर्चीत बसून पुन्हा तवा चढवला. खुर्चीच्या हातांवर कायम पिठाचे पांढरे ठसे असायचे.

सगळं जमवलं बाईनं, एक सोडून. महिन्याच्या महिन्याला रक्त तपासायला पनवेलकडच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागायचं, आणि त्यासाठी रिक्षात चढावं लागायचं. चढावं कसलं, चढवावं. एकानं काखेत हात घालायचा, दुसऱ्यानं मांडीखाली. पदर सरकायचा, लुगडं वर जायचं, आणि आमच्या नाक्यावरची रिकामटेकडी जनता वडापाव खात बघत राहायची. तोंडात घास आणि डोळे बाईच्या मांडीवर. मी दुकानातून ओरडायचो, तर म्हणायचे, "आमी काय केलं, बघू पण नको का?" शी! आत्या रिक्षात बसल्यावर पदर ओढून म्हणायची, "मी काय गोणी हाय का रं?"

म्हणून तिला गाडी हवी होती. मागून दार उघडणारी, फळी खाली सोडता येणारी, खुर्चीसकट सरळ आत जाणारी. कुणाचा हात न लागता. हॉस्पिटलला तर जायचंच, पण आणखी एक जागा तिच्या मनात होती. खालापूरकडे तिचं माहेर. पाय गेल्यापासून ती तिथं गेलेली नव्हती. भाऊ म्हणायचा, "आमी उचलून नेऊ की." ती म्हणायची, "माहेरच्या दारात मी उचलून घेतलेली जाणार नाय. चाकावर जाईन, पण माझ्या हातानं."

ही गोष्ट दादांच्या कानावर गेली. इलेक्शन जवळ आलं होतं, नाहीतर त्यांच्या कानाला ऐकू कमीच येतं. चार पोरं आणि एक फोटोवाला घेऊन आले. आतून आवाज आला, "हात धू, मग बोल." दादांनी धुतले. फोटोवाल्यानं तेवढ्यात हात धुतानाचाही फोटो काढला. मग म्हणाले, "आत्या, तुमच्यासाठी आपण क्रिकेटची स्पर्धा घेतोय. जमा होईल ते सगळं तुमच्या गाडीला. गाडी दारात आली समजा."

"मागनं फळीवाली?"

"तश्शीच."

"खुर्ची सरळ आत जाईल?"

"सरळ म्हणजे सरळ!"

आत्यानं त्यांचे ओले हात बघितले. मग म्हणाली, "चा प्या." माझा विश्वास नव्हता, तिचाही नसावा. पण गरज तिला होती, मला नव्हती.

आमच्याकडं कुठल्याही कामाला पैसे उभे करायचे म्हटलं की क्रिकेटच. भात कापून झालं की शेतं सपाट करायची, मंडप ठोकायचा, कर्णे लावायचे, कॉमेंटरीवाला बसवायचा. देणाऱ्याचं नाव कर्ण्यातून पुकारलं जातं, म्हणून लोक देतात. देवळाचा कळसही असाच होतो आणि शाळेचे पत्रेही. त्यात वाईट काही नाही. वाईट पुढे आहे.

स्पर्धेआधी नाक्यावर फ्लेक्स लागला. ज्या पोरानं तो केला त्यानं बाईचा मोठा फोटो टाकायचा म्हणून कॉम्प्युटरवर जे तयार होतं ते उघडलं. आता आमच्याकडं एकट्या म्हातारीचा मोठा फोटो कुठल्या फ्लेक्सवर असतो? तेच उघडलं त्यानं. फोटोभोवती मोगऱ्याचा हार, खाली समई, मागं ढगांतून येणारा उजेड. श्रद्धांजलीची अक्षरं काढून त्या जागी ‘सुलूआत्या चषक’ लिहिलं, झालं काम. कुणीतरी त्याचा फोटो काढून सगळीकडे पाठवला. अक्षरं वाचतो कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याचा भाऊ खालापूरकडून टेंपो भरून माणसं घेऊन आला. बायका कोपऱ्यापासूनच रडत. सोबत पिठलं आणि भात, कारण मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. ओट्याशी आले आणि आतून आवाज आला, "हात धू, मग बोल."

भाऊ बादलीशेजारी मटकन खालीच बसला. आत्या खुर्ची ढकलत दारात आली, तिनं डबे बघितले, रडून लाल झालेली तोंडं बघितली आणि सगळं ओळखलं. "आता आणलंय तर सोडा डबे," म्हणाली. सगळ्यांना बसवून तिनं ते पिठलं खाल्लं. "माझ्या मयताचं पिठलं, आन् मीठ नाय? मेले असते तर असंच पाठवलं असतं व्हय रं भावा?" भाऊ रडत रडत हसत होता. मी गोळ्या द्यायला गेलो होतो, मलाही वाढलं. खरंच मीठ कमी होतं.

मी दादांच्या मंडळाच्या पोरांना जाऊन झापलं. फ्लेक्स काढा म्हटलं. तर म्हणतात, "काका, आता छापून झालाय. उलट लोकांना चांगला कळला." त्यांनी समईवर बॅट-बॉलचं स्टिकर चिकटवलं आणि फ्लेक्स तसाच ठेवला. जिवंत बाई, महिन्याच्या महिन्याला त्याच नाक्यावरून जाणारी, आणि वर तिचा हार घातलेला फोटो.

फायनलच्या दिवशी आत्यानं मैदानावर यायचं ठरलं होतं. गर्दी आणि धूळ, दोन्ही तिला विष. मी सांगितलं, जाऊ नको. म्हणाली, "मी नाय गेले तर गाडी नाय यायची. त्यांना मी पायजे रं, दाखवायला." नाकावर मास्क, डोक्यावरून पदर, मांडीवर पाण्याची बाटली. मी आणि रघूमामा सोबत होतो.

मैदानात काय सांगू! धुरळ्यात पलीकडचं माणूस दिसेना. डीजे दणदणतोय. मंडपात बक्षिसाची मोटारसायकल फुगे लावून उभी, शेजारी माणसाएवढ्या ट्रॉफ्या. त्या कशातनं आल्या हे मी तेव्हाच समजलो. कॉमेंटरीवाला प्रत्येक फटक्याला ओरडतोय, "आणि हा चौकार आपल्या दुर्दैवी अपंग भगिनी सुलूआत्या यांच्या चरणी अर्पण!"

"एकाच चरणी, मेल्या," आत्या मास्कमधून म्हणाली.

मग देणाऱ्यांची नावं. जमीनवाले, खडीवाले, रिसॉर्टवाले, प्रत्येकाच्या नावामागं ‘दानशूर’. हिरी आणि तिच्या बायकांनी महिनाभराच्या थापण्यातलं बाजूला काढून दिलं होतं. त्यांची पाळी आली तेव्हा कर्ण्यातून आलं, "ठाकुरवाडीच्या महिलांकडून किरकोळ मदत." हिरी तिथंच मंडपाच्या दोरीला धरून उभी होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोन डावांच्या मधे आत्याला स्टेजवर बोलावलं. स्टेजला पायऱ्या होत्या. ज्या बाईच्या खुर्चीच्या गाडीसाठी स्पर्धा, तिला बोलवायच्या स्टेजला पायऱ्या! चार पोरांनी तिला न विचारता खुर्चीसकट उचललं आणि गंमत म्हणून "गणपती बाप्पा मोरया" ओरडत वर नेलं. सगळं मैदान हसलं. वर दादा. पुठ्ठ्याचा दरवाजाएवढा चेक. "आत्या, मास्क काढा, चेहरा दिसू दे," म्हणत त्यांनीच तो ओढून हनुवटीखाली केला. कुणीतरी पेढा तिच्या ओठाला लावला. तिला साखरेचा रोग आहे हो! कुणीतरी गुलाल उडवला. रघूमामा खालून हात वर करून काहीतरी सांगत होते, पण त्यांचा आवाज कधी कुणाला ऐकू गेलाय?

फोटो झाले. दादा म्हणाले, "आत्या, दोन शब्द."

आत्यानं मास्क वर केला, माईक घेतला. "पयला शब्द, हात धुवा सगळ्यांनी." लोक हसले. "दुसरा शब्द, मला खाली उतरवायला कुणी हात लावायचा नाय. फळी आणा. फळी येईस्तोवर मी हितंच हाय."

आधी लोकांना मस्करी वाटली. मग बॅट्समन येऊन उभे राहिले, अंपायर उभा राहिला, आणि स्टेज सरळ बाउंड्रीच्या आत आलेलं, तिथं ही बाई ठाण मांडून. दादा कानाशी वाकून काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "हात धुवून या." मैदानातून शिट्ट्या सुरू झाल्या. "उचला रे म्हातारीला!" "टाइमपास बंद करा!" ज्यांनी तिच्या नावानं वर्गणी दिली होती तीच तोंडं. त्या दिवसापासून मी गर्दीत कुणालाही नमस्कार करत नाही.

शेवटी मंडपवाल्यानं दोन फळ्या आणून टेकवल्या. आत्यानं चाकांवर हात ठेवले, जीभ दातांत धरली आणि उतरली. रघूमामा पुढं हात पसरून उभे. "हात मागं," ती म्हणाली. त्यांनी हात पाठीमागं घेतले. ती खाली आली, मैदानातून सरळ बाहेर गेली, आणि मागे बघितलं नाही.

आठवडाभर खोकत होती. त्यातून वाचली. पुठ्ठ्याचा चेक कोंबड्यांच्या खुराड्यावर गेला. दादांची सही एका कोंबडीनं टोचून टोचून काढली. पैसे मात्र कुठल्याशा ट्रस्टमध्ये गेले, तिथनं जातील म्हणे गाडीवाल्याकडं. गाडी पाडव्याला येणार होती. मग म्हणे, आचारसंहिता. मग म्हणे, नंबर लागलाय. विचारायला गेलं की पोरं म्हणत, "आत्याला सांगा, धीर धरा. फुकट मिळतंय ना?"

आत्यानं धीर धरला नाही, फळी करून घेतली. नाक्यावरच्या वेल्डरकडून, जाड लोखंडी पत्र्याची, कडेला उंच पट्टी, घसरू नये म्हणून वर खरबरीत नक्षी. गाडी आली की तिला लावायची म्हणून तिच्या मापाची. तोवर ओट्याला. रोज भाकऱ्या उरकल्या की सराव. पहिल्या दिवशी अर्ध्यातून मागं आली आणि तुळशीच्या कट्ट्यावर आदळली. अशा शिव्या दिल्या की शेजारच्यांनी खिडक्या लावल्या. पण शिकली. रघूमामा मागं उभे राहायचे, हात पाठीमागं बांधून. ती सवयच लागली त्यांना; भाजी घ्यायला उभे राहिले तरी हात मागं. आत्या वर पोचली की ओट्यावरून म्हणायची, "गाडी येऊदे, मी तयार हाय."

गाडी आली नाही. तपासणी चुकवता येत नाही, म्हणून रिक्षाच. भर पावसात तिला पुन्हा ताप भरला. त्या सकाळी रिक्षा माझ्या दुकानासमोर थांबली, मी गोळ्या घेऊन बाहेर आलो. तिला रिक्षात नीट बसता येईना, म्हणून दोघं तिला पुन्हा उचलून सरळ करत होते. वडापाववाली जनता होतीच. तिनं माझ्याकडं बघितलं. "तू तरी बघू नको रं," म्हणाली.

मी पाठ फिरवली. रिक्षाचा आवाज लांब जाईपर्यंत तसाच उभा राहिलो. म्हणून तिची शेवटची भेट म्हणून माझ्याकडं काही नाही, गोळ्यांच्या कपाटाची काच आहे. हॉस्पिटलात म्हणाले, छातीत संसर्ग. दहनाला दादा आले नाहीत, बैठक होती.

मग दसऱ्याला गाडी आली. वाजतगाजत, झेंडूच्या माळा घालून, सुलूआत्याच्या दारात. हीच, पांढरी. मी दुकान टाकून धावत गेलो. मागचं दार उघडं होतं. आत खुर्ची धरायला काही नव्हतं. लांबलचक स्टीलचं ताट होतं, माणूस आडवा मावेल असं. काचेवर लिहिलं होतं, वैकुंठरथ.

दादा रघूमामांना सांगत होते, "मामा, आत्या तर गेली. आता खुर्चीची गाडी कुणाला लागणार? म्हटलं, सगळ्यांना लागेल अशी घेऊ." आणि कात्री पुढं केली, फीत कापायला.

रघूमामांचे हात मागंच होते. त्यांनी कात्री घेतली नाही. गाडीकडं बघत राहिले, तिच्यावरच्या त्या जोडलेल्या परक्या हातांकडं. दादांनी मग स्वतःच फीत कापली, टाळ्या झाल्या. जाता जाता त्यांची नजर ओट्याला टेकवलेल्या फळीवर गेली. "अरे वा, ही बरी आहे. गाडीच्या मापाची दिसतेय. मामा, ही द्या ना. तिरडी चढवायला बरी पडेल, उचलायला नको."

मला वाटलं मी याला आता मारतो. खरंच वाटलं. तेवढ्यात रघूमामा दोन पावलं पुढं आले आणि फळीवर उभे राहिले. त्या लोखंडी पत्र्यावर, तिच्या दोन चाकांनी घासून गुळगुळीत झालेल्या पट्ट्यांच्या मधोमध. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज एवढा मोठा कधी ऐकला नव्हता.

"हात धुवा आदी," म्हणाले.

दादा हसले, फोटोवाल्याकडं बघितलं. रघूमामा हसले नाहीत. ओट्याखाली निळी बादली काठोकाठ भरलेली होती, करवंटीत साबण नवा होता.